कोल्हापुरातला घरचा डबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचा, कॉलेजचा, ऑफिसचा आणि एमआयडीसीतला डबा भरणाऱ्या घरांतून जे प्रश्न सतत येतात, ते इथं एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे. काहींना दोन ओळी पुरतात.

सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला चवीला लागत नाही. कुठं चुकतं?

बहुतेक वेळा स्वयंपाक चांगलाच झालेला असतो, पदार्थाची निवड चुकलेली असते. ताटात गरम असताना जे गोड लागतं तेच आपण डब्यात घालतो. सहा तासांनी वरणाचा गोळा झालेला असतो, भजी वातड झालेली असतात आणि दोडक्याच्या भाजीला सुटलेलं पाणी चपातीत मुरलेलं असतं. डब्यात काय द्यायचं हे ठरवताना स्वतःला एकच विचारायचं : हे गार झाल्यावर, हातानं, पंधरा मिनिटांत खाता येईल का?

याचं उत्तर आपल्या भागात शेतावर जाणाऱ्या न्याहारीनं कधीच दिलेलं आहे. भांगलणीला गेलेल्या माणसांसाठी बुट्टीतून, फडक्यात बांधून जायची ती भाकरी, कोरडा झुणका, खर्डा, शेंगांची चटणी आणि कांदा. हे जेवण गार खायचं म्हणूनच तसं बनलंय. पाणी कमी, तिखट-मीठ-तेल नेमकं, आणि बेसन-शेंगदाण्यामुळं पोटाला आधार. शहरातल्या डब्यातही हीच मांडणी ठेवा : भाकरी किंवा चपाती, एक सुकं कोरड्यास (भाजी), एक कडधान्य, एक चटणी आणि काहीतरी कच्चं. यातलं एखादं रोज चुकलं तरी बिघडत नाही, पण कडधान्य आणि चटणी दोन्ही एकदम चुकू देऊ नका.

डब्यासाठी कुठलं माळवं चांगलं?

भेंडी, गवारी, श्रावण घेवडा, कारलं, तोंडली, भरलं वांगं, पीठ पेरलेली ढबू मिरची, मुगाची डाळ घालून केलेला शेपू, लसूण जास्त घातलेली मेथी. यातल्या बऱ्याच भाज्या मुरल्यावर जास्तच चांगल्या लागतात. भरलं वांगं तर दुपारी खरं रंगात येतं.

दुधी, दोडका, कोबी यांना पाणी सुटतं. त्या द्यायच्याच असतील तर शेवटी दोन चमचे शेंगदाण्याचं कूट किंवा भाजलेलं बेसन पेरा, म्हणजे सुटलेलं पाणी ते शोषून घेतं आणि भाजीला अंग येतं. मीठ घातलेली काकडीची कोशिंबीर डब्यात देऊच नका. काकडी, गाजर, मुळा उभे चिरून नुसतेच द्या आणि मिठाची चिमूट वेगळ्या पुडीत. कपिलतीर्थ मंडईत सकाळी घेतलेली कोवळी काकडी असेल तर मीठही लागत नाही.

भाकरी डब्यात कडक होते. मग चपातीच द्यावी का?

भाकरी सोडू नका. ज्वारीत गव्हातलं चिकट ग्लूटेन नसतं, त्यामुळं भाकरीला धरून ठेवण्याचं सगळं काम पिष्टाचं. गरम पाण्यानं पिष्ट फुगतं आणि पीठ चिकट होतं. भाकरी गार होताना तेच पिष्ट पुन्हा घट्ट बसतं, ओल निसटते आणि भाकरी ताठ होते. म्हणजे उपाय दोनच : सुरुवातीला पिष्ट नीट फुगू द्यायचं आणि नंतर ओल टिकवायची.

पीठ ताजं हवं. महिनाभर ठेवलेल्या पिठाला चिकटाई राहत नाही, भाकरी थापतानाच कडेला चिरते. आठ-दहा दिवसांचंच दळण आणा, जमलं तर शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं. पाणी कडकडीत उकळून पिठात ओता, उलथन्यानं कालवून पाच मिनिटं झाका, मग हात सोसेल तसं भरपूर मळा. भाकरी पातळ थापा. तव्यावरून काढल्यावर लगेच डब्यात कोंबायची नाही. दुरडीत किंवा जाळीवर एक-दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, ती कोमट आणि लवचिक असतानाच चौघडी घाला आणि सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. फडकं जादा वाफ शोषतं आणि भाकरीला लागेल तेवढी ओल धरून ठेवतं. वरून तुपाचं बोट फिरवलं तर आणखी बरं.

राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडच्या घरांत नाचणीची आणि तांदळाची भाकरी रोजची. डब्याला नाचणीची भाकरी चांगली साथ देते. उकड काढून केलेली तांदळाचीही मऊ राहते, पण फडकं चुकवायचं नाही. आणि ज्या दिवशी डबा फार उशिरा उघडणार आहे त्या दिवशी दशमी करा. दुधात मळलेलं पीठ मऊ राहतं.

जेवून दोन तासांत पुन्हा भूक लागते. डबा पोटाला का पुरत नाही?

कारण डब्यात चपात्या चार आणि बटाट्याची भाजी एवढंच असतं. पीठ आणि बटाटा दोन्ही पिष्टाच्या एकाच घरचे. प्रथिनं, तंतू आणि थोडं तेल-तूप असेल तर भूक उशिरा लागते, आणि हे तिन्ही आपल्याकडं स्वस्तात मिळतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, मसुरीत २४ च्या आसपास, ज्वारीत १० च्या आसपास. शिवाय धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि कडधान्यात मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरतं. भाकरी-उसळ किंवा भाकरी-झुणका ही जोडी म्हणून भक्कम.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ४०० ग्रॅम भाज्या असं प्रमाण आहे. आपल्या घरात धान्य बहुधा याच्या वर जातं आणि कडधान्य निम्म्यावर अडतं. दुपारच्या डब्यात वाटीभर घट्ट उसळ आली की हिशेब बराच जुळतो. मटकी, हुलगे, चवळी, मूग आलटून पालटून ठेवा. अख्खा मसूर घट्ट केला तर मला तो डब्यातला सगळ्यात समाधानाचा पदार्थ वाटतो. गार झाला तरी कांदा आणि लसणाची चव तशीच राहते, आणि भाकरीवरच घेऊन खाता येतो.

लहान मुलांच्या डब्यात किती घालायचं?

अंदाजासाठी शाळेतल्या पोषण आहाराचा सरकारी निकष उपयोगी पडतो. पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एका जेवणात ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत, सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम. घरच्या भाषेत सांगायचं तर धाकट्यासाठी दोन मध्यम चपात्या, छोटी वाटी मटकीची उसळ, चमचाभर शेंगांची चटणी आणि एक शेंगदाणा-गुळाचा लाडू. एवढ्यात दोन्ही आकडे गाठले जातात. मोठ्याला तिसरी चपाती आणि उसळ दीडपट.

मुलगी रोज अर्धा डबा परत आणते. रागवून काही उपयोग होत नाही.

रागवू नका, परत आलेला डबा नीट बघा. काय उरलं यातच उत्तर असतं. भाजी संपून चपाती उरली असेल तर चपाती जाड किंवा कडक होती. सगळंच थोडं थोडं उरलं असेल तर वेळ पुरला नाही. मधली सुट्टी छोटी असते, त्यात हात धुणं, पाणी पिणं, मैत्रिणींशी बोलणं आणि खेळणं सगळं बसवायचं असतं. काही वेळा कारण आणखी साधं असतं : झाकण घट्ट आहे आणि ते उघडून मागायची मुलीला लाज वाटते. नवा डबा घेतल्यावर तिला घरी चार वेळा उघड-बंद करायला लावा.

मुलांसाठी चपात्या पुरीएवढ्या लाटा. छोटी चपाती अख्खी संपते, मोठीचे तुकडे उरतात. भाजी आत घालून गुंडाळी केली तर खाणं लवकर आटोपतं. थालीपीठ, धपाटं, मेथीची दशमी, आप्पे, मुगाची धिरडी यांत भाजी आणि डाळ पोटातच असते, वेगळं कोरड्यास लागत नाही. आदल्या रात्री तिलाच दोन पर्यायांतून एक निवडू द्या. "उद्या काय देऊ?" असं मोकळं विचारलं की उत्तर मॅगीवर जातं. "गवारी की मटकी?" विचारलं तर मटकी मिळते.

डबा वाटून खाण्यावर बंदी घालू नका. उलट एखादी चपाती जास्त द्या. फक्त कुणाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर ते मुलांना माहीत असलं पाहिजे.

कांदा-लसूण चटणी मुलांना तिखट होते, आणि ती नसेल तर घरातले मोठे जेवत नाहीत.

घरात भाजी एकदाच करा, पण तिखट कमी घालून. मोठ्यांच्या डब्यात चटणी वेगळी, वर कच्चं तेल. उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेली चटणी वर्षभर पुरते, तिची चव सुक्या भाजीवर वरून घेतली तरी येते. मिरची निवडतानाच ब्याडगी जास्त ठेवली तर रंग येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. संकेश्वरी किंवा लवंगीचं प्रमाण घरच्या जिभेनुसार. मुलांसाठी शेंगदाण्याची चटणी लसूण आणि थोडा गूळ घालून करा. जवसाची आणि कारळ्याची चटणीही करून ठेवा. कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्यानं वापरली तर तीन आठवडे आरामात टिकतात.

गरम-गरम भरून झाकण लावायचं, की गार करून?

कोमट झाल्यावर. गरम पदार्थावर झाकण लावलं की वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि पुन्हा खाली ठिबकतं. त्यानं चपाती ओली होते आणि पदार्थ लवकर आंबतो. जिवाणू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये झपाट्यानं वाढतात, आणि डबा सकाळभर नेमका त्याच तापमानात असतो. म्हणून ओला नारळ, पनीर, दुधाचे पदार्थ, पातळ रस्से साध्या डब्यातून देणं टाळा, एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नको.

उष्णता टिकवणारा डबा असेल तर नियम उलटा. त्यात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं ठेवा, ते फेका आणि लगेच वाफाळता पदार्थ काठोकाठ भरा. अर्धवट भरलेला असा डबा लवकर गार होतो.

भात दिला तर चालेल?

चालेल, पण सकाळीच शिजवलेला. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. त्यामुळं रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात घालणं बंद करा. रात्री उरलेला भात पसरून गार करून लगेच फ्रीजमध्ये गेला असेल तर सकाळी चांगला वाफेपर्यंत परतून देता येतो. चित्रान्न किंवा लिंबू-शेंगदाण्याचा भात डब्याला बरा, लिंबाच्या आंबटपणाचा उपयोग होतो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घरात असेल तर तो रविवारच्या ताटासाठी राखून ठेवा. त्याचा सुवास गरम असतानाच खरा कळतो, डब्यात तो वाया जातो.

दहीभात द्यायचा तर सकाळी मऊ भात कोमट दुधात कालवून त्यात चमचाभर दही आणि मीठ घाला. दुपारपर्यंत डब्यातच विरजतो आणि आंबट होत नाही. दुधाऐवजी सगळं दहीच कालवलं तर एक वाजेपर्यंत तोंड वाकडं होण्याइतका आंबतो.

गावाकडून एस.टी.नं डबा पाठवायचा आहे. काय पाठवावं?

शिकायला कोल्हापुरात खोली घेऊन राहणाऱ्या किती मुला-मुलींना या डब्यानं जगवलंय. राजर्षी शाहू महाराजांनी इथं वसतिगृहं उभी केली तेव्हापासून बाहेरगावची मुलं या शहरात शिकायला येतात, आणि त्यांच्यामागून घरचं जेवणही येतं. गावात मुक्कामाला आलेली गाडी पहाटे निघते. तिला डबा द्यायचा म्हणजे आईला चारला उठावं लागतं. म्हणून असा डबा कसा भरायचा हे नीट सांगण्याला फार किंमत आहे.

पहिली गोष्ट, एका डब्यात दोन वेळचं जेवण असतं. वरच्या पुडात दुपारचं, खालच्या पुडात रात्रीचं अशी सवय लावा. दुपारसाठी पालेभाजी किंवा उसळ. रात्रीसाठी जे टिकतं ते : कोरडा झुणका, भरली कारली, शेंगांची चटणी, लोणचं. खर्डा तेलात नीट परतलेला असावा. भाकऱ्या दोन्ही वेळच्या वेगवेगळ्या फडक्यांत, म्हणजे दुपारी उघडताना रात्रीच्या भाकरीला वारा लागत नाही. रस्सा नको, गाडी घाटाच्या वळणांची असेल तर झाकण कितीही घट्ट असो, सांडतोच.

डब्यावर आणि पिशवीवर मुलाचं नाव, गाव आणि उतरवायचं ठिकाण ऑइल पेंटनं लिहा. मध्यवर्ती बसस्थानक, संभाजीनगर स्टँड की रंकाळा स्टँड हे स्पष्ट हवं. डबे दोन लागतात, एक येतो तेव्हा दुसरा परत जातो. रिकामा डबा मुलानं घासूनच पाठवायचा, हे पहिल्या दिवशी ठरवून टाका. न घासलेला डबा संध्याकाळच्या गाडीनं घरी पोचतो तेव्हा त्याचा वास जायला दोन दिवस लागतात आणि आईचं काम दुप्पट होतं. कुठल्या दिवशी गाडी चुकेल हे सांगता येत नाही, म्हणून खोलीवर चटणीची बरणी, गूळ, भाजके शेंगदाणे आणि चिवडा कायम असू द्या.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांच्या डब्याचं काय?

फाउंड्रीत भट्टीजवळ उभं राहणाऱ्याचं आणि संगणकापुढं बसणाऱ्याचं जेवण एक असू शकत नाही. भट्टीजवळ घाम फार जातो. तीन भाकऱ्या, मोठी वाटी उसळ, झुणका, कांदा आणि सोबत बाटलीभर मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक द्या. ताक स्वच्छ धुतलेल्या स्टीलच्या बाटलीत, फ्रीजमधून काढून शेवटच्या क्षणी भरायचं, आणि उन्हाळ्यात ते पहिल्या सुट्टीतच प्यायचं.

दुसऱ्या पाळीचा डबा लोक सकाळच्याच स्वयंपाकातून भरतात. तो रात्री आठ-नऊला उघडतो, म्हणजे अन्न बारा-चौदा तासांचं झालेलं असतं. जमल्यास भाजी दुपारी ताजी परता, निदान उसळ फ्रीजमधून काढून पुन्हा उकळून भरा. रात्रपाळीला हलकं बरं : दोन चपात्या, मुगाची सुकी डाळ, आणि पहाटेच्या भुकेसाठी गूळ-शेंगदाणे किंवा लाडू.

जेवणाबरोबरच चहा घेण्याची पद्धत कारखान्यांत फार आहे. चहातल्या टॅनिनमुळं अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. चहा तासाभरानं घ्या, आणि उसळीवर पिळायला लिंबाची फोड द्या. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं. बायकांच्या डब्यात ही फोड मी आग्रहानं सांगेन, कारण रक्त कमी असण्याची तक्रार त्यांच्यात घरोघरी आहे.

रविवारचं मटण सोमवारी डब्यात देता येईल?

सुकं मटण देता येईल. रविवारी जेवणं झाल्यावर ते पातेल्यात तसंच राहू न देता लवकर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी खळखळून वाफ येईपर्यंत गरम करा आणि उष्णता टिकवणाऱ्या डब्यातच भरा. तांबडा रस्सा थर्मासमध्ये चालतो. पांढरा रस्सा नको. त्यात नारळाचं दूध असतं, ते पटकन फुटतं आणि आंबतं.

सकाळी वेळच नसतो. रात्री काय करून ठेवावं?

भाजी निवडून, चिरून, कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये. लसूण सोललेला. कडधान्य भिजत, किंवा मोड काढून ठेवलेलं. पावसाळ्यात मोड यायला वेळ लागतो, तेव्हा एक दिवस आधी भिजवा. कूट आठवड्याचं एकदम. कणीक रात्री मळली तर तेलाचा हात लावून फ्रीजमध्ये ठेवा. भाकरीचं पीठ मात्र रात्री भिजवू नका.

एवढं झालं तर सकाळी चाळीस मिनिटांत दोघा-तिघांचे डबे होतात. आणि हे काम एकट्या बाईचं नाही. डबा नेणाऱ्या प्रत्येकानं रात्री आपला डबा घासून, पुसून, उघडा पालथा घालून ठेवायचा, आणि लसूण सोलायला कुणाचंही वय आड येत नाही.

शनिवारची सकाळची शाळा असते तेव्हा?

पूर्ण जेवण नको. उपीट, तिखट सांजा, पोहे किंवा थालीपीठ, आणि एखादं केळं.

डबा कोणता घ्यावा?

स्टीलचा. आंबट भाजी ॲल्युमिनियममध्ये नको, गरम आणि तेलकट पदार्थ प्लॅस्टिकमध्ये नको. पितळेचा जुना डबा घरात असेल तर कल्हई असल्याशिवाय वापरू नका. भाकरी-चपाती वर्तमानपत्रात गुंडाळण्याची सवय मोडायलाच हवी. छपाईच्या शाईतले घातक घटक अन्नात उतरतात, आणि देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही याबद्दल जाहीर इशारे दिले आहेत. जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे हातभर चौकोन शिवून घ्या, रोज धुवा, उन्हात वाळवा.

डब्याला वास राहतो. कितीही घासला तरी जात नाही.

वास स्टीलला राहत नाही, झाकणाच्या रबरी रिंगला राहतो. रिंग रोज काढून वेगळी धुवा, आठवड्यातून एकदा लिंबाची साल आणि मीठ चोळून कोमट पाण्यात ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. जुलै-ऑगस्टमध्ये ती वाळत नाही, तेव्हा कोरड्या फडक्यानं पुसून चुलीजवळ किंवा गॅसच्या ओट्यावर रात्रभर ठेवा. काळे ठिपके दिसले की रिंग बदला, भांड्यांच्या दुकानात ती सुटी मिळते.